आडव्या गाडीची किंमत

शोरूममधली गाडी नेहमी उभी असते. साईड स्टँडवर किंचित कललेली, पुढचं चाक जरासं वळवलेलं, टाकीवर दिव्याची रेघ. किंमत शेजारच्या पाटीवर. पहिली गाडी घ्यायला निघालेला माणूस ती पाटी वाचतो, खिशाचा अंदाज घेतो आणि मनातल्या मनात तिच्यावर बसून निघूनही जातो. विमा कंपनीपुढे त्याच गाडीची वेगळी तीन चित्रं असतात. एकात ती रस्त्यावर आडवी पडली आहे. दुसऱ्यात ती लावलेल्या जागी नाही. तिसऱ्यात ती कुणाच्या तरी अंगावर गेली आहे. विम्याचा हप्ता या तीन चित्रांवरून ठरतो. पाटीवरच्या आकड्याचा त्यात वाटा असतो, पण वाटाच.

पहिली गाडी घेणाऱ्याने आधी ही तीन चित्रं पाहावीत आणि मग उभ्या गाडीकडे वळावं, असं माझं मत आहे. पैसे वाचतात हे तर झालंच. पण विम्याला जी गाडी स्वस्त पडते तीच शिकणाऱ्याच्या हातालाही सोसते, असा योग बऱ्याचदा जुळून येतो. बऱ्याचदा, नेहमी नाही. जिथे जुळत नाही तिथे स्वतःच्या डोक्याने ठरवावं लागतं.

मी दुचाकी शिकलो तीच उशिरा, चाळिशी उलटल्यावर. माझी भाची त्याच वर्गात होती, विशीतली. शंकू मांडून आठचा आकडा काढायचा, अरुंद पट्टीवरून पाय न टेकता सावकाश जायचं, हे आम्ही बरोबरच शिकलो आणि ती माझ्या आधी शिकली. परवाने हातात आल्यावर दोघांनी एकाच मॉडेलसाठी विम्याचं कोटेशन मागवलं. तिचा हप्ता माझ्यापेक्षा बराच जास्त आला.

“मामा, तुझी गाडी अजून पहिल्या गिअरमध्ये बंद पडते,” ती म्हणाली. “आणि तुला स्वस्त?”

मुद्दा बिनतोड होता. पण विमा कंपनीने आम्हा दोघांपैकी कुणालाच गाडी चालवताना पाहिलेलं नसतं. तिच्याकडे असतात जुने क्लेम, हजारो लोकांचे, वयाप्रमाणे आणि गाडीप्रमाणे लावून ठेवलेले. नव्या चालकाची स्वतःची नोंद काहीच नसते, म्हणून त्याच्यासारख्या इतरांची नोंद त्याच्या नावावर घातली जाते. विशीतले नवे चालक गटाने जास्त क्लेम करतात, चाळिशीतले त्या मानाने कमी. एकेका माणसाच्या बाबतीत हा अन्यायच आहे. गटाच्या बाबतीत तो खरा ठरतो, आणि सगळा धंदा गटावर चालतो.

कुठल्या गटात घालायचं, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांत तरुण मुलींना त्याच वयाच्या मुलांपेक्षा कमी हप्ता पडायचा, कारण मुलींचे क्लेम कमी. १ मार्च २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने ठरवलं की स्त्री की पुरुष यावरून दर वेगळे लावणं समानतेच्या तत्त्वात बसत नाही. २१ डिसेंबर २०१२ पासून युरोपीय संघात ते बंद झालं. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे न्याय झाला तो तिकडच्या मुलींच्या खिशातून.” वयाला मात्र त्या निकालाने हात लावला नाही. तरुण असण्याचे पैसे तिथेही पडतातच.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाची पद्धतही आहे. भारतात थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याचा, दर कंपनी ठरवत नाही, तो सरकारी पातळीवर ठरतो आणि त्यात चालकाचं वय विचारलंच जात नाही. तिथे प्रश्न एकच, इंजिन किती सीसीचं. ७५ पर्यंत, ७५ ते १५०, १५० ते ३५० आणि त्याच्या वर, असे चार गट. काल परवाना मिळालेला मुलगा आणि तीस वर्षं गाडी चालवणारे गृहस्थ एकाच रांगेत उभे. ब्रिटनमध्ये उलट चौकशी चालते: वय काय, राहता कुठे, गाडी रात्री रस्त्यावर असते की बंद गॅरेजमध्ये, काम काय करता, कामावर गाडी नेता का. एका ठिकाणी गाडीचा विमा उतरतो, दुसऱ्या ठिकाणी गाडीसकट माणसाचा. आपण ज्या पद्धतीत आहोत ती कोणती, हे नव्या चालकाने सगळ्यात आधी विचारावं. पहिल्या पद्धतीत गाडी निवडली की थर्ड पार्टीचा हप्ताही जवळपास निवडून झाला. दुसऱ्या पद्धतीत तीच गाडी दोघांना दोन भावांत पडते, म्हणून मित्राला किती हप्ता बसला हे विचारून काही उपयोग होत नाही.

न्यूझीलंडमध्ये तर हा वाद थेट रस्त्यावर आला होता. तिथे अपघातातल्या दुखापतीची भरपाई १९७४ पासून एका सरकारी योजनेतून मिळते, चूक कुणाची हे न बघता. त्या योजनेसाठीची रक्कम गाडीच्या नोंदणीबरोबर घेतली जाते. २००९ मध्ये दुचाक्यांचा, विशेषतः मोठ्या दुचाक्यांचा भार खूप वाढवायचं ठरलं, तेव्हा नोव्हेंबरात हजारो चालक गाड्या घेऊन वेलिंग्टनला संसदेसमोर जमले. त्यांचं म्हणणं असं: आम्हाला मोटारवाले धडकतात, हाडं आमची मोडतात आणि वर पैसेही आम्हीच जास्त भरायचे? उत्तर देणं सोपं नाही. धडक कुणाच्या चुकीने झाली हा एक हिशेब, आणि धडकेनंतर दवाखान्याचं बिल कुणाचं मोठं आलं हा दुसरा. विमा दुसऱ्या हिशेबाकडे जास्त लक्ष देतो.

आता सीसीबद्दल. नवीन माणसाला जो तो सांगतो, कमी सीसीची घे, विमा स्वस्त पडेल. ढोबळमानाने खरं आहे. पण सीसी म्हणजे सिलिंडरची जागा. त्या जागेतून ताकद किती काढली आहे ते सीसी सांगत नाही. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं, ताकद वीस हॉर्सपॉवरच्या आसपास. केटीएमची ३९० ड्यूक अनेक वर्षं ३७३ सीसीची होती, म्हणजे फरक चोवीस सीसीचा, पण ताकद त्रेचाळीसच्या घरात. दुपटीहून जास्त. वर गेलं तर गंमत वाढते. यामाहाची आर६ ही ५९९ सीसीची, ट्रॅकसाठी घडवलेली, शंभराहून बरीच जास्त हॉर्सपॉवर असलेली गाडी. रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर तिच्याहून मोठी, ६४८ सीसीची, आणि हॉर्सपॉवर सत्तेचाळीस. आकड्याने मोठी, स्वभावाने गरीब गाय. नुसत्या सीसीवर दर लावणाऱ्या पद्धतीत ही गाय महाग पडते. जिथे कंपन्या मॉडेल बघतात तिथे आर६ चं नाव काढताच कोटेशन देणारा तरुण चालकाला नम्रपणे नकार देतो किंवा असा आकडा सांगतो की तो नकारच असतो.

हे उगाच नाही. अमेरिकेत विमा कंपन्यांच्याच पैशांवर चालणारी इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी ही संस्था आहे. २००७ मध्ये तिने दाखवून दिलं की आर६ सारख्या सुपरस्पोर्ट प्रकारच्या गाड्यांवर चालकांच्या मृत्यूचं प्रमाण इतर मोटरसायकलींच्या जवळपास चौपट आहे. गाडीत चौपट दोष असतो असा याचा अर्थ नाही. ती गाडी कोण घेतं, कशासाठी घेतं आणि घेतल्यावर मनगट कसं चालतं, हे सगळं त्या आकड्यात येतं. शांतपणे चालवणाऱ्या एखाद्या मुलीने हौसेने तीच गाडी घेतली, तर तिला इतरांच्या मनगटाचेही पैसे भरावे लागतात.

कायदेही हळूहळू सीसीकडून ताकदीकडे सरकले आहेत. युरोपात मधल्या पायरीचा ए२ परवाना ३५ किलोवॅटपर्यंतच्या गाडीला चालतो, आणि ताकद व वजनाचं प्रमाण किलोमागे ०.२ किलोवॅटच्या आत हवं. ऑस्ट्रेलियात शिकाऊ चालकांसाठी मान्य गाड्यांची यादीच असते. ६६० सीसीपर्यंत आणि टनामागे १५० किलोवॅटपर्यंत. जपानने जुनी रेघ ठेवली आहे, साध्या परवान्यावर ४०० सीसी. या आकड्यांनी कारखान्यांची नक्षी बदलली. होंडाने २०१३ मध्ये आणलेल्या सीबी५०० मालिकेचं इंजिन ४७१ सीसीचं आहे आणि ताकद बरोबर ३५ किलोवॅट. कायद्याच्या कडेला टेकवून बेतलेलं. अशा याद्या नव्या चालकाने आपल्या देशात त्या लागू नसल्या तरी चाळून बघाव्यात. शिकणाऱ्याला कोणती गाडी झेपेल याचा बराच विचार कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो.

याच मालिकेत आडव्या गाडीचा धडा छान मिळतो. सीबी५००एफ उघडी, सीबीआर५००आर प्लास्टिकच्या फेअरिंगने झाकलेली. इंजिन तेच, ताकद तीच. दोन्ही जागेवर उभ्या उभ्या कलंडल्या असं समजा, कारण नवशिक्याची गाडी पडते ती बहुतेक अशीच. चढावर वळताना, पार्किंगमधून काढताना, खडीवर पाय सरकून. वेग जवळजवळ शून्य. उघड्या गाडीचा आरसा फुटतो, क्लचचा लिव्हर वाकतो, फूटपेग घासतो, इंडिकेटर लोंबतो. झाकलेल्या गाडीचं हे सगळं होतंच, शिवाय एका बाजूचं पॅनेल खरवडतं आणि ते आत जिथे अडकवलेलं असतं ते लहानसे कान तुटतात. कान वेगळे मिळत नाहीत. पॅनेल पूर्ण बदलावं लागतं, मग रंग जुळवायचा, मग स्टिकर. विमा कंपनीसाठी नुकसान मोजणारा सर्व्हेअर कागदावर एकेक भाग लिहीत जातो आणि त्याच पडण्याचं बिल दोन गाड्यांसाठी वेगळं निघतं.

भाचीला अर्थातच झाकलेली गाडी हवी होती. मला तिचं मन मोडायचं नव्हतं; फेअरिंग दिसतं सुंदरच आणि मोठ्या रस्त्यावर वाराही अडवतं. मी एवढंच म्हटलं, की गाडी बघायला जाशील तेव्हा काउंटरवर आधी सुट्या भागांच्या किमती विचार. डाव्या बाजूचं पॅनेल, हेडलाईट, टाकी, पुढचा फोर्क, लिव्हरची जोडी. माल हजर असतो की मागवावा लागतो तेही विचार. तिने विचारलं. विक्रेत्याला हे नवीन होतं; मायलेज विचारणारे रोज येतात, तुटलेल्या पॅनेलची किंमत विचारणारी पहिलीच. तिथून बाहेर पडताना ती जरा गंभीर होती.

सांगाड्याचंही असंच. पोलादी नळ्यांच्या फ्रेमला काय झालं ते बघता येतं, कधी सरळही करता येतं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला खोक पडली किंवा हँडल अडवणारा खुंट मोडला, तर पुष्कळदा फ्रेमच बदलायला सांगतात. फ्रेम बदलायची म्हणजे गाडी सगळी सोडवायची. मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या ठरलेल्या मूल्याच्या फार जवळ जातो आणि कंपनी गाडीला टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करण्यापलीकडची, म्हणून मोकळी होते. मालक बघत राहतो. त्याच्या डोळ्यांना गाडी जवळजवळ धड दिसत असते.

म्हणून पहिल्या वर्षासाठी मला साध्या गाड्या आवडतात. एक सिलिंडर किंवा दोन, गोल हेडलाईट, पोलादी फ्रेम, भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे. या जातीतली सगळ्यात यशस्वी गाडी होंडाची सुपर कब. १९५८ मध्ये आली आणि २०१७ पर्यंत तिची संख्या दहा कोटींवर गेली होती. तिच्यावर बसून कुणी कुणावर छाप पाडली असेल असं नाही. पण तिचा भाग मिळाला नाही म्हणून कुणाचं कामही अडलं नसेल.

चोरीच्या चित्राबद्दल थोडक्यात. दुचाकी हलकी असते, दोन माणसं उचलून टेम्पोत टाकतात, हँडल लॉक असला तरी. आणि जी गाडी लोकप्रिय, तिचेच भाग विकले जातात, म्हणून चोरालाही तीच हवी. इथे साधेपणाचा सल्ला थोडा लंगडा पडतो. रस्त्यावर सगळीकडे दिसणारी गाडी दुरुस्तीला स्वस्त आणि चोरीला सोपी. उपाय गाडी बदलणं हा नाही, रात्री ती कुठे उभी राहते ते बदलणं हा आहे. बंद जागा, जमिनीत पुरलेल्या कडीला बांधलेली जाड साखळी, आणि कंपनीला या गोष्टींची सवलत आहे का हा प्रश्न. मात्र साखळी लावतो असं लिहून दिलं तर ती रोज लावायची. चोरी त्या एका रात्री झाली जेव्हा कंटाळा केला होता, तर कंपनी पावती विचारत नाही, साखळी विचारते.

तिसरं चित्र सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक त्याच्याकडे सगळ्यात कमी बघतात. बहुतेक देशांत सक्ती असते ती थर्ड पार्टीचीच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सने मोटारींसाठी ती १९२७ मध्ये अमलात आणली, ब्रिटनने १९३० च्या कायद्याने. कारण साधं होतं: रस्त्यावर माणसं चिरडली जात होती आणि धडक देणाऱ्याकडे भरपाई द्यायला पैसे नसायचे. आपली गाडी मोडली तर नुकसान फार तर गाडीएवढं. आपल्या गाडीखाली दुसऱ्याचा पाय आला तर नुकसानीला अशी वरची मर्यादा नसते. त्याचं उरलेलं आयुष्य त्यात येतं. मोटरसायकल मोटारीपेक्षा हलकी, दुसऱ्याला कमी इजा करते, म्हणून हा भाग त्या मानाने स्वस्त असतो. तिथे काटकसर करायला जाऊ नये.

आणि त्याच कागदात एक जागा रिकामी असते जी नव्या चालकाला दिसत नाही. त्याचं स्वतःचं मनगट. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीतून स्वतःच्या दवाखान्याचा खर्च निघत नाही. त्यासाठी वैयक्तिक अपघाताचं कलम किंवा वेगळा आरोग्य विमा लागतो, आणि आरोग्य विम्यात दुचाकीचे अपघात वगळलेले नाहीत ना, हे वाचून घ्यावं लागतं. साध्या गाडीने हप्त्यात वाचवलेले पैसे मी असाच वाटून टाकेन: थोडे या कलमावर, उरलेले हेल्मेट, हातमोजे आणि चांगल्या जाकिटावर. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेली आणि नसलेली अशी निवड समोर असेल तर एबीएस. युरोपीय संघाने २०१६ पासून १२५ सीसीवरच्या नव्या मॉडेलांना ते सक्तीचं केलं, भारतात २०१८ पासून तशीच सक्ती आली, आणि वर उल्लेख केलेल्या अमेरिकी संस्थेच्या अभ्यासांत एबीएस असलेल्या गाड्यांचे जीवघेणे अपघात वारंवार कमी दिसले आहेत. त्याने हप्ता फारसा उतरेल असं नाही. विम्याला स्वस्त आणि अंगाला सुरक्षित या दोन वाटा इथे वेगळ्या होतात आणि मी दुसरी धरतो.

हप्ता कमी करायच्या काही वाटा मात्र धरू नयेत. गाडी वडिलांच्या नावावर घेऊ, मुख्य चालक त्यांनाच दाखवू, चालवायची आपण. हा सल्ला इतक्या घरांत, इतक्या मायेने दिला जातो की त्यात लबाडी आहे असं कुणाला वाटतच नाही. जिथे दर चालकावरून ठरतो तिथे ही सरळ फसवणूक आहे आणि क्लेमच्या वेळी ती उघडी पडते. सायलेन्सर बदलला, हँडल बदललं, तेही कळवायचं असतं. विम्याच्या व्यवहारात आपल्याला माहीत असलेलं लपवायचं नाही, या तत्त्वाची मुळं जिथे दाखवतात तो खटला १७६६ चा आहे, लंडनचा, कार्टर विरुद्ध बोहेम. सुमात्रा बेटावरच्या एका इंग्रज किल्ल्याच्या गव्हर्नराने, शत्रूने किल्ला घेतला तर भरपाई मिळावी म्हणून विमा उतरवला होता. फ्रेंचांनी किल्ला घेतला आणि विमा देणारा म्हणाला, किल्ला किती कच्चा होता ते मला सांगितलं नाही. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी तत्त्व मांडलं, आणि निकाल मात्र गव्हर्नराच्या बाजूने लागला, कारण विमा देणाऱ्याला जे सहज कळण्यासारखं होतं ते त्याने स्वतःच विचारायला हवं होतं. मला यातला दुसरा भाग जास्त आवडतो. पण सायलेन्सर हा काही किल्ला नव्हे. तो विचारला जातो, फॉर्मवर रकाना असतो.

आता दुरुस्तीच्या खर्चातल्या स्वतःच्या खिशातून भरायच्या वाट्याबद्दल, ज्याला काही ठिकाणी डिडक्टिबल म्हणतात, काही ठिकाणी एक्सेस. तो वाढवून घेतला की हप्ता उतरतो. नव्या चालकांना बऱ्याच कंपन्या तो आधीच जास्त लावतात, वर आपण आणखी वाढवला तर लहानसहान पडण्याचा सगळा खर्च आपल्यावरच येतो. माझ्या मते ते ठीकच आहे. लिव्हर आणि आरशासाठी क्लेम करणं तसंही परवडत नाही, कारण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, जातो. भारतात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की वीस टक्के सूट मिळते आणि पाच वर्षांत ती पन्नास टक्क्यांपर्यंत चढते. गाडी विकली तरी ती मालकाबरोबर राहते. नव्या माणसाकडे नसते ती नोंद ती हीच, आणि ती एका लिव्हरपायी पुसायची नाही. क्रॅश गार्ड बसवावा, लिव्हरची एक जादा जोडी घरात ठेवावी आणि विमा मोठ्या गोष्टींसाठी राखून ठेवावा.

भाचीने शेवटी उघडी गाडी घेतली, दोन मालक बघितलेली, टाकीवर आधीपासूनच एक पोचा असलेली. गाडी जुनी म्हणून तिचं मूल्य कमी, मूल्य कमी म्हणून विम्यातला गाडीच्या नुकसानीचा भाग स्वस्त. थर्ड पार्टीचा भाग जुनेपणाने स्वस्त होत नाही, तो जिथल्या तिथे. पोच्याचा एक फायदा असा झाला की पहिल्यांदा गाडी कलंडली तेव्हा तिला गाडीचं वाईट वाटलं नाही. तिने आधी स्वतःचा घोटा तपासला.

मी मात्र नवीनच घेतली. वयाने मिळालेली सवलत होती, वापरून टाकली. भाची यावरून मला अजून बोलते.

आमच्यातला खरा मतभेद नंतर निघाला, आणि तो हर्ट अहवालावरून. अमेरिकेतले प्राध्यापक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस भागातल्या नऊशे मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली होती. अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक विचित्र गोष्ट आहे. अपघात झालेल्या निम्म्याहून जास्त चालकांना ती विशिष्ट गाडी चालवण्याचा पाच महिन्यांपेक्षा कमी अनुभव होता, पण रस्त्यावर मोटरसायकल चालवण्याचा त्यांचा एकूण अनुभव जवळजवळ तीन वर्षांचा होता. म्हणजे ते नवशिके नव्हते. गाडी त्यांना नवी होती. ब्रेकचा दाब वेगळा, क्लच वेगळ्या जागी पकडणारा, वजन वेगळ्या उंचीवर.

भाची म्हणते, त्यापेक्षा सुरुवातीलाच थोडी मोठी गाडी घ्यावी आणि तीच चालवत राहावं, म्हणजे दोनदा नवं व्हायला नको. तिच्या बोलण्यात तथ्य आहे. मी म्हणतो, पहिल्या नवेपणात गाडी लहान असली तर दुसऱ्या नवेपणाला निदान रस्ता ओळखीचा असतो. दोघांनाही एकमेकांना पटवता आलेलं नाही. एवढ्यात तिचं पहिलं वर्ष क्लेमशिवाय पार पडलं आणि तिने मोठ्या गाडीची कोटेशन मागवायला सुरुवात केली आहे. फॉर्मवर परवाना कधी मिळाला ते विचारतात, किती वर्षं चालवताय ते विचारतात, मागचा क्लेम विचारतात. हीच गाडी याआधी किती चालवली आहे, असा रकाना आम्हाला अजून कुठल्याही फॉर्मवर सापडलेला नाही.